वामनजींच्या दोरीवरचं पुस्तक

वामनजींनी माझं पुस्तक त्यांच्या धोतराशेजारी वाळत घातलं, तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो आणि जगातला सगळा अन्याय साधारण दोन वर्षांत संपवायचा असा माझा बेत होता.

वाशीमला त्यांच्या घराच्या अंगणात दोन लाकडी बल्ल्यांना बांधलेली सुताची दोरी होती. एका टोकाला ओलं धोतर, मग बंडी, आणि बंडीपासून पुढे माझी एकोणीस प्रकरणं. प्रत्येक प्रकरण दोरीवर दुमडून टाकलेलं आणि वाऱ्यानं उडू नये म्हणून त्याला बाभळीचा काटा टोचलेला. कचेरीत त्या काळी टाचणीऐवजी बाभळीचे काटेच वापरत. वामनजींनी तीच रीत घरी आणली होती.

शेजारची एक बाई कुंपणावरून डोकावली.

"वामनजी, आज काय धुतलं?"

"पुस्तक."

"निघाला का मळ?"

"अजून पिळलं नाही," वामनजी म्हणाले.

मी उंबऱ्यात उभा राहून हे ऐकत होतो. रागानं. माझं 'वैधव्याचा वणवा' हे पुस्तक समाजाची झोप उडवण्यासाठी लिहिलेलं होतं, आणि ते एका म्हाताऱ्याच्या बंडीला चिकटून हलत होतं.

हे वामनजी म्हणजे वाशीमच्या तहसील कचेरीबाहेरचे अर्जनवीस. निंबाच्या झाडाखाली तरटावर बसायचं, पुढ्यात उतरतं मेज, दऊत, दोन टाक. ज्याला लिहिता येत नाही, त्यानं यावं, आपलं गाऱ्हाणं सांगावं, आणि वामनजींनी त्याचा अर्ज करून द्यावा. अंगानं काटकुळे, डोक्याला मळकट पागोटं, चष्म्याची एक काडी दोऱ्याची. पण माणूस गाऱ्हाणं घेऊन समोर बसला की ते डोळे मिटून ऐकत. लोक कुठून सुरुवात करतात हे सांगायला नको. धुऱ्याचं, म्हणजे शेताच्या बांधाचं, भांडण असलं तरी गोष्ट आजोबांच्या लग्नापासून निघते. वामनजी आजोबांचं लग्न होऊ देत, वडिलांचं होऊ देत, म्हैस विहिरीत पडली तर पडू देत. मग एक डोळा उघडून विचारत:

"हे सारं खरं. पन मांगनं काय?"

अर्ध्याअधिक माणसांना ते ठाऊकच नसायचं. कुणी धुऱ्यासाठी आलेला असे, आणि बोलता बोलता कळे की धुरा त्याला नकोच आहे; भावानं मुलीच्या लग्नाला बोलावलं नाही, ते लागलेलं आहे. अशाला वामनजी अर्ज लिहून देत नसत. "याचा अर्ज सायबाले नाही, भावाले कर. जाय, त्याच्या घरी जेव," म्हणून परत पाठवत.

त्यांचा एक सिद्धांत होता. "पहिलं पान सायब वाचते. दुसरं शिरस्तेदार वाचते. तिसरं उंदीर वाचते." म्हणून जे काय मागायचं ते पहिल्या पानावर उभं राहिलं पाहिजे, आणि पुढची प्रत्येक ओळ त्याला टेकू देत आली पाहिजे. टेकू देत नसेल ती ओळ कितीही सुंदर असो, ती काढायची.

ही सवय कचेरीत राहिली असती तर ठीक होतं. पण त्यांना ती सुटतच नसे. न्हावी दाढी करताना गोष्ट सांगू लागला की अर्ध्या गालावर साबण असताना ते विचारत, "मांगनं काय?" एकदा कीर्तनात बुवा पूर्वरंगात फार वेळ हिंडले, तेव्हा मागून वामनजींचा आवाज आला, "महाराज, गोष्ट निघून राह्यली का अजून गाडी जुपून राह्यले?" बुवा चिडले खरे, पण पुढच्या वर्षी तेच बुवा आपल्या आख्यानांची वही घेऊन वामनजींच्या अंगणात बसलेले लोकांनी पाहिले.

तर पुस्तकं त्यांच्याकडे अशी येऊ लागली. कारंज्याच्या एका कापूस व्यापाऱ्यानं काशीयात्रेचं वर्णन लिहिलं होतं. पहिली चाळीस पानं सामान बांधण्यात गेली होती. लोणच्याच्या बरण्या, गाद्या, कोणाला काय सांगून निघालो. वामनजींनी वही परत देताना एवढंच विचारलं, "शेटजी, गाडी कवा सुटन?" वाशीमजवळच्या मालेगावच्या एका मास्तरांनी शेतकऱ्यांसाठी पऱ्हाटीच्या लागवडीवर पुस्तक केलं. त्यात कापसाचा प्राचीन इतिहास, कापसाची थोरवी, उपोद्घात आणि नमन झाल्यावर पेरणी आठव्या प्रकरणात होती. वामनजी म्हणाले, "मास्तर, तवापर्यंत मृग निघून जाईन ना!" मास्तरांनी पेरणी पुढे आणली. ते पुस्तक मी शेतकऱ्यांच्या घरात पाहिलं आहे, हळदीची बोटं लागलेलं. याहून मोठा मान पुस्तकाला काय असतो?

ऱ्हस्व-दीर्घाला ते हात लावत नसत. "ते छापखान्यात पाहून घेतीन. मी घराले दार कुठी हाय ते पाह्यतो. रंगाचं मले नोको विचारू." दुसऱ्याच्या कागदावर एक अक्षर लिहायचं नाही, हाही नेम. त्यांची शाई पडायची ती फक्त चिठ्ठीवर. प्रत्येक प्रकरण वाचून झालं की त्यात काय घडलं ते एका ओळीत चिठ्ठीवर लिहायचं आणि ती चिठ्ठी त्याच काट्याला टोचायची. काही घडलं नसेल तर चिठ्ठी कोरी.

माझ्या एकोणीस प्रकरणांपैकी चौदांवर कोऱ्या चिठ्ठ्या फडफडत होत्या.

मी त्यांच्याकडे आपण होऊन गेलो नव्हतो. माझं गाव मालेगावपासून चार कोस. घरात पोथ्या होत्या, पण मी वाढलो चोपड्यांवर. माझे मामा अकोल्याहून येताना पिशवी भरून आणत: दारूबंदीचं चोपडं, हुंड्याविरुद्धचं, स्वदेशीचं. प्रत्येक वाक्यानंतर उद्गारचिन्ह. मी ती गोठ्यात उभा राहून बैलांना वाचून दाखवत असे. विसाव्या वर्षी मी स्वतः लिहायला बसलो आणि दोन वर्षांत 'वणवा' पुरा केला. अकोल्याच्या एका छापखान्याच्या मालकांना दाखवला. लढाई चालू होती, कागद मिळत नव्हता. मालक म्हणाले, "माझ्यापाशी एका पुस्तकापुरता कागद आहे. एकीकडे तुमचं हे, दुसरीकडे आरत्यांचा संग्रह. आरत्या खपतात. तरी वामनजींना दाखवा. ते म्हणाले उभं राहतं, तर तुमचं छापतो. दिवाळीपर्यंत आलात तर. नाहीतर आरत्या."

म्हणजे समाजाचं जागं होणं एका अर्जनवीसाच्या होकारावर येऊन टेकलं होतं! ज्यानं जन्मभर सरकारदरबारी 'कृपा व्हावी' लिहिलं, तो माझ्या पुस्तकाला पास करणार!

"चौदा कोऱ्या?" मी ओरडलो. "त्या चौदा प्रकरणांत माझं रक्त आहे!"

"हाय ना," ते शांतपणे म्हणाले. "रक्त हाय. मानूस नाही. बस, बावा. मांगनं काय तुहं?"

"मी मागत नाही. मी अर्ज करणारा नाही, मी जाब विचारणारा आहे!"

"विचार ना. कोनाले?"

"समाजाला!"

"समाज कुठी राह्यते? पत्ता दे, मी पाकिटावर लिहून देतो."

शेजारची बाई कुंपणापलीकडे हसली. मी पुस्तक दोरीवरून ओढू लागलो. काटा बोटात गेला. वामनजींनी माझा हात धरला, काटा काढला आणि त्याच हातानं अकराव्या प्रकरणाचं एक पान माझ्यापुढे धरलं. त्या प्रकरणाची चिठ्ठी कोरी नव्हती. तिच्यावर लिहिलं होतं: 'कोनीतरी दळते.'

पानाच्या तळाशी माझंच वाक्य होतं: 'लेखकाच्या परिचयातील एक अभागिनी रोज पहाटे उठून दळण दळते, तिच्या अश्रूंना कोण वाली!'

"हे कोन?"

"माझी मोठी बहीण. गुणाबाई. एकोणिसाव्या वर्षी विधवा झाली. सात वर्षं आमच्याकडेच आहे."

"दळतानी रडते?"

मी विचार केला. "मी झोपलेला असतो तेव्हा."

"मंग आसू कोनं पाह्यले?"

मी काटा गेलेलं बोट चोखू लागलो.

"तिले विचारलं का कवा?"

"काय विचारायचं?"

"काईबी," वामनजी म्हणाले. "तीनशे चाळीस पानं लिहिली तू तिच्यावर. तिले एक गोष्ट विचारली का?"

मी त्यांना अज्ञानी म्हणालो, सरकारचे पित्ते म्हणालो, आणखीही काही म्हणालो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, दोरीवरून एकेक प्रकरण उतरवलं, क्रमानं लावलं, फडक्यात बांधून माझ्या हाती दिलं. "दिवाळीले वेळ हाय," एवढंच बोलले.

घरी येताना मालेगावपासूनचे चार कोस मी त्यांच्याविरुद्ध एक जळजळीत पत्रक मनात रचत आलो. आलो तेव्हा बाई (गुणाबाईला आम्ही घरात बाईच म्हणतो) ओसरीवर सुपात तुरीची डाळ निवडत होती.

इथे आमच्या घरची एक गोष्ट सांगितली पाहिजे. आमच्या गावात विधवेचा पाट लागतो, म्हणजे दुसरं लग्न होतं. शेजारच्या घरात लागला, समोरच्या घरात लागला, कुणाला त्याचं काही वाटत नाही. आमच्या घरात लागत नाही, कारण आजोबांकडे पाटीलकी होती. पाटीलकी गेली. घरात तिची खूण म्हणून ही एवढी बंदी उरली, आणि दादा, म्हणजे माझे वडील, ती तलवारीसारखी जपत. माझं सारं पुस्तक असल्याच घरांवर तुटून पडलेलं होतं.

मी बाईसमोर बसलो. सभेत बोलता येतं, बहिणीशी कसं बोलायचं?

"बाई, तुला काय वाटतं?"

"कायचं?"

"हे... तुझं."

तिनं सूप खाली ठेवलं आणि हसली. "आज कायले इचारून राह्यला रे भाऊ? पुस्तकात टाकाले?"

"हो," मी म्हणालो. खोटं बोलणं मला जमत नाही.

ती पुन्हा डाळ निवडू लागली. मग खडा फेकल्यासारखी म्हणाली, "मेडशीवरून सांगून आलं होतं. तुले मालूम नसन. तू तवा अकोल्याले होता."

मला खरंच माहीत नव्हतं. बाई विधवा झाल्यावर दोन वर्षांनी मेडशीचा एक बिजवर स्वतःच पाटाची मागणी घालायला आला होता. वडिलांनी त्याला ओसरीवर बसवलं, पाणी दिलं आणि तिथूनच परत पाठवलं. बाई आतल्या खोलीत दाराआड उभी होती.

मी उसळलो. "हा अन्याय आहे! मी आजच दादांना—"

"बस खाली. ऐकून तर घे." तिनं मला दटावलं, लहानपणी दटावायची तशी. "मी त्या मानसाले दाराच्या फटीतून पाह्यलं होतं. बैलाले लय मारत आला तो. मले कोनी इचारलं असतं, तर मी नाहीच म्हनली असती."

हे कुठल्याच चोपड्यात नव्हतं.

"पन इचाराले पाह्यजे होतं," बाई म्हणाली. "दादाजीनं बी माह्याच मनातलं केलं. तरी पाच वर्सं झाली, तेच सलते. माहा 'नाही' मले म्हनू नाही देल्ला."

मग ती बोलतच राहिली. डाळ संपली तरी बोलत होती. मी एक अक्षर लिहून घेतलं नाही.

पुढचे तीन महिने मी काय केलं ते थोडक्यात सांगतो, कारण या लेखात मी महत्त्वाचा नाही. पुस्तक पहिल्या ओळीपासून पुन्हा लिहिलं. दर पंधरा दिवसांनी वाशीमला गेलो. दर खेपेला दोरी, काटे, चिठ्ठ्या. वामनजी एकदाही 'असं लिही' म्हणाले नाहीत. "ह्या बाईले तिसऱ्या पानावर राग आला, मंग पाचव्यावर हसते कशी? मधात काय झालं?" एवढंच. मी बाईला विचारायचो. मधे काही ना काही झालेलंच असायचं. 'तरुणांस आवाहन' हे माझं सर्वांत आवडतं, बावीस पानांचं प्रकरण त्यांनी दोरीवरून वेगळं काढून माझ्या मांडीवर ठेवलं. "हे चांगलं हाय. याचं चोपडं कर. पुस्तकातून काढ." मी दोन दिवस जेवलो नाही, आणि काढलं. दिवाळीच्या आधी सात दिवस सगळ्या चिठ्ठ्या भरल्या. एकशे साठ पानं. नावही बदललं. ते बाईनं ठेवलं: 'विचारून पाहा'.

वामनजींनी छापखान्याच्या मालकांना कार्ड टाकलं. आरत्या मागे राहिल्या.

पुस्तक छापायला जाण्याआधी मी ते बाईला सबंध वाचून दाखवलं. तिला वाचता येत नव्हतं. (ती आता शिकते आहे. मी शिकवतो. ती माझी घाई सहन करते.) ऐकून झाल्यावर ती म्हणाली, "तुले हे सुचलं नाही. कोनं सुचवलं, त्याले मले पाह्याचं हाय." बालाजीच्या दर्शनाचं निमित्त केलं आणि आम्ही बैलगाडीनं वाशीमला गेलो.

रविवार होता, कचेरी बंद. हजारो माणसांची गाऱ्हाणी ऐकलेला हा माणूस बाईला दारात पाहून गडबडला. घोंगडी आधी उलटी टाकली, मग सुलटी. गूळपाणी आणायला आत गेले आणि नुसतं पाणीच घेऊन आले.

"बसा, बाई. पुस्तक चांगलं झालं. तुमचं हाय ते."

"त्याचंच हाय," बाई म्हणाली. "मी फक्त बोलली. तुमी त्याले इचाराले लावलं, म्हनून बोलली. घरात आजवर कोनी इचारलं नव्हतं."

वामनजी चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसू लागले. तो आधीच स्वच्छ होता.

"घरी कोन असते तुमच्या?" बाईनं विचारलं.

"कोनी नाही. मालकीन होती. तिले जाऊन आठ वर्सं झाली." पुसणं थांबलं. "बावीस वर्सं संसार केला. दिवसभर कचेरीत लोकायले इचारत बसो. घरी आलो का तोंड दुखे. तिले मी एकच इचारो, भाकर झाली का. तिनं काई मांगलंच नाही कवा. मले वाटे, सुखी हाय."

मी काहीतरी धीराचं बोलणार होतो. बाईनं माझ्याकडे पाहिलं आणि मी तोंड मिटलं.

"नाव काय त्यायचं?"

"लक्षुमी."

"हे सासरचं. माहेरचं?"

आमच्याकडे लग्नात नवरीचं नाव बदलतात. बाईचंही बदललं होतं. सासरी ती दोन वर्षं रखमा होती, आणि नवरा वारल्यावर परत गुणा झाली. म्हणून तिनं ते सहज विचारलं असेल.

वामनजींनी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. बाहेर गाडीचे बैल घुंगरं हलवत होते.

"तिचे भाऊ तिले बाईच म्हनत," ते शेवटी म्हणाले. "लग्नाच्या दिवशी आयकलं असन मी. ध्यानात नाही राह्यलं. मंग कवा इचारलं नाही."

बाई उठली नाही, की 'जाऊ द्या' म्हणाली नाही. "भाऊ हायेत का त्यायचे?" तिनं विचारलं.

"एक हाय. मंगरूळले."

"मंग इचारा ना."

वामनजींनी मेज पुढे ओढलं, एक कार्ड घेतलं आणि टाक दौतीत बुडवला. लोकांचे अर्ज झरझर लिहिणारा तो हात कार्डावर बराच वेळ तसाच थांबला. मग त्यांनी एक ओळ लिहिली, खाली सही केली, आणि पत्ता घालून कार्ड माझ्याकडे दिलं. जाताना टपालात टाक, म्हणाले.

पंधरा दिवसांनी छापलेली प्रत घेऊन मी कचेरीवर गेलो. निंबाखाली गर्दी होती. एक म्हातारा त्यांना आजोबांच्या लग्नापासून काहीतरी सांगत होता आणि वामनजी डोळे मिटून ऐकत होते. मला पाहून त्यांनी म्हाताऱ्याला हातानं थांबवलं, मला जवळ बोलावलं आणि माझ्या कानात एक नाव सांगितलं. अगदी हळू, जपून. मग पुन्हा डोळे मिटले.

ते नाव मी इथे लिहीत नाही. हा लेख लिहायला घेतला तेव्हा, लिहू का, असं मी त्यांना विचारलं होतं. ते म्हणाले, नोको.